फटफटीला पाजलेलं तेल

बाबा जेवायच्या आधी मारीत, जेवल्यावर कधी नाही. हे घरातल्या सगळ्यांना इतकं पाठ झालं होतं की आईने त्यावर स्वतःचा उपाय शोधला होता. मिठागराच्या बांधावर त्यांचं मुंडासं दिसलं की ती तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकायची, बाजूला सुकटीचं कालवण, एक फोडलेला कांदा, आणि ताट ओटीवर मांडून मोकळी व्हायची. पाय धुवून बाबा सरळ ताटावर बसले तर तो दिवस पार पडला असं आम्ही समजत असू. पण येताना कुठे काही त्यांच्या नजरेत भरलं, घागर रिकामी दिसली, माझ्या मांडीवर पुस्तक दिसलं, तर ताट तसंच राहायचं आणि दारामागचा दांडा निघायचा. मीठ ओढायच्या लाकडी फावड्याचा तो दांडा होता. पाठीवर बसला की त्याचा आवाज बद्द येई, हाताच्या हाडावर बसला की कोरडा. मी आतल्या खोलीत डोळे मिटून सांगू शकत असे की आज कुणाला कुठे लागलं. आता मी ऐंशीच्या पुढे आहे, माझ्या घरात कुणी कुणाला चापटसुद्धा मारत नाही, तरी जेवणाच्या वेळी कुणाचा आवाज चढला की माझी नजर आधी ताटाकडे जाते, वाढलंय की नाही ते बघायला.

आम्ही बाळकुमचे. तेव्हाचं बाळकुम म्हणजे खाडीकाठचं गाव, भातशेती आणि पलीकडे मिठागरं. बाबा मिठागरावर मुकादम होते. त्यांच्या हाताखालची माणसं त्यांना भीत आणि त्यांच्यावाचून मिठागराचं चालतही नसे, कारण मीठ पिकवायच्या कोणत्या चौकोनी वाफ्यातलं पाणी कधी दुसऱ्यात सोडायचं हे बाबांना नुसतं पाण्यात बोट बुडवून, जिभेला लावून कळे. मिठावर लोखंड टिकत नाही. म्हणून तिथलं सगळं सामान लाकडाचं, आणि घरात जे काही थोडं लोखंड असे, कोयता, विळी, कडी, कोयंडा, बादलीची कडी, त्याला दर आठ दिवसांनी करंजेल लावायचं. करंजाच्या बियांचं हे कडू, उग्र वासाचं तेल एका मडक्यात भरलेलं असे. हे काम माझं होतं. आई विचारायची, "पाजलास का रं तेल?" आमच्याकडे लोखंडाला तेल लावत नसत, पाजत. मी शिकलो, पदवीधर झालो, ठाण्याला कारकुनी केली, पण कुठलीही गंजकी वस्तू दिसली की अजून माझ्या मनात पहिला शब्द तोच येतो.

माझा मोठा भाऊ धर्मा, आमचा दादा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. लढाईच्या दिवसांत कल्याणला मिलिटरीचा तळ पडला होता, तिथल्या वर्कशॉपात तो पोरसवदा वयात पाने उचलून द्यायला लागला आणि लढाई संपेपर्यंत गाड्या उघडायला शिकला. पुढे गोरे गेले, तळाच्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले, आणि त्यांच्यातल्या किशनचंद नावाच्या माणसाने मिलिटरीच्या उरल्यासुरल्या लोखंडाचा धंदा सुरू केला. दादा दिवसा मिठावर बाबांच्या हाताखाली राबे आणि सुटीच्या दिवशी कल्याणला जाऊन किशनचंदच्या ढिगाऱ्यात बसे. एके दिवशी तो मला सोबत घेऊन गेला. ढिगाच्या तळाशी एक फटफटी होती. होती म्हणजे तिचा सांगाडा एकीकडे, इंजिन दुसरीकडे, चाकं तिसरीकडे. लढाईत निरोपे अशा गाड्या दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून पळवीत. म्हणून तिचा सायलेन्सर मांडीच्या उंचीवर होता, टायरना जाड गट्टे होते आणि पुढच्या चिमट्यात मनगटाएवढी जाड स्प्रिंग होती. टाकीला एक भोक होतं. ते कशाचं हे दादाने मला सांगितलं नाही.

किशनचंद हसत म्हणाला, "अरे धर्मा, ये गाडी नहीं, गाडी की मय्यत है. चार आदमी लगेंगे कंधा देने को."

"चार कशाला, शेठ? ह्यो येक भाऊस बस हाय," दादा म्हणाला. "रराला बी ह्योच." आमच्या बोलीत ड चा र होतो; रडायलाही हाच, असं तो म्हणत होता.

बैलगाडीत घालून आम्ही ती घरी आणली. बाबा अंगणात उभे होते. त्यांनी गाडीतल्या लोखंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "मिलिटरीचा मेलेला घोरा आनलास काय रं घरान?" दादा गाडीतून चाकं उतरवू लागला. त्या दिवशी कुणाला मार बसला नाही, कारण आईने बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकूनच ताट वाढलं होतं.

दादाचा हट्ट नुसत्या हौसेचा नव्हता. आमच्या मालकांची मिठागरं बाळकुमपासून कोपरीपर्यंत तुकड्यातुकड्यांनी पसरली होती. बांधावरून मोटार जात नसे, माणूस चालत गेला तर निरोपाला दिवस लागे. मालकांच्या ठाण्याच्या कचेरीतले कारकून दादाला म्हणाले होते की बांधावरून पळेल अशी गाडी शिमग्याच्या आत दाखव, निरोप्याची नोकरी तुझी. आणि त्याच शिमग्यानंतर बाबा मला शाळेतून काढणार होते. मी ठाण्याच्या हायस्कुलात नववीत होतो. "मिठाव दोन हात कमी परतान," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. दादाने त्यांना तोंडावर काही सांगितलं नाही, मला मात्र सांगितलं: नोकरी लागली की तुझ्या जागी मी मिठावर गडी लावीन, आणि तुला शाळेत मी सोडीन. म्हणजे गाडी चालली तर मी शाळेत, नाही चालली तर मिठात. इतकं ते सरळ होतं.

घरामागच्या छपरीत काम सुरू झालं. इंजिन जाम होतं. दादाने प्लगच्या भोकातून रॉकेल ओतलं आणि तसंच ठेवलं. रोज सकाळी मिठावर जाण्याआधी तो किक दाबून बघे. पाचव्या दिवशी पिस्टन नखभर हलला, तेव्हा त्याने मला उठवून छपरीत नेलं आणि पुन्हा दाबून दाखवलं. व्हॉल्व्ह बसवायला त्याने बारीक पूड तेलात कालवून लावली, व्हॉल्व्हची दांडी दोन तळव्यांत धरली आणि रवी घुसळावी तशी इकडून तिकडे फिरवत राहिला, दोन संध्याकाळी. टाकीच्या भोकाला डाक दिला. किशनचंदच्या ढिगातल्या दुसऱ्या कुठल्याशा गाडीची पिस्टनची कडी आणून ती कानशीने घासघासून मापात आणली. मी कंदिलाची काच पुसावी तसा एकेक बोल्ट पुसून गोणपाटावर ओळीने मांडत असे आणि मांडताना इतिहासातल्या राजांची नावं पाठ करीत असे. माझ्या आयुष्यातला हा काळ सुखाचा होता असं मी लिहिलं तर ते खरं आहे. त्याच आठवड्यांत घरात सगळ्यांत जास्त मारही झाला, तेही खरं आहे.

कारण बाबांना छपरीतून येणारा तो हातोडीचा आवाज सोसवत नसे. एकदा तिन्हीसांजेला ते आले, ताटाकडे त्यांनी पाहिलंच नाही, सरळ छपरीत गेले. दादा वाकून चाकाच्या तारा ओढत होता. पहिला घाव मानेखाली बसला. दादा तोंडावर पडला, उठला, आणि उभा राहिला. त्याने हात वर केला नाही. तो कधीच करत नसे. बाबांनी त्याला मोजून मारावं तसं मारलं, दम घेत, खांदा, दंड, मांडी. मग इंजिनवर पाय ठेवून म्हणाले, "आईक. तुजी ही गारी मी येक दिवस खाऱ्या पान्यान घालीन. कोनत्या दिवशी त्ये सांगनार नाय."

"घाला," दादा म्हणाला. त्याच्या ओठातून रक्त आलं होतं. "मी परत खोलीन."

त्यासाठी त्याला आणखी एक बसला.

शिमगा आठ दिवसांवर आला तेव्हा फक्त मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारा भाग, राहिला होता. त्याची तार नव्याने गुंडाळून आणायला दादा कल्याणला गेला. जाताना मला म्हणाला, "येकनाथ, सगला पुसून ठेव. मी आल्याव लावतंय." दोन्ही चाकं निघालेली होती. चाकांच्या आतले ब्रेकचे तुकडे गोणपाटावर पडले होते, चंद्रकोरीसारखे चार, त्यांच्या पाठीवर राखाडी, चामड्यासारखं अस्तर. बाकी सगळे भाग तेलाने चमकत होते आणि हे चारच कोरडे, धुळकट, खरखरीत. मला त्यांची कीव आली. खाऱ्या वाऱ्यात कोरडं लोखंड ठेवायचं नाही हे मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं होतं. मी करंजेलाचं मडकं आणलं आणि ते चारही तुकडे मनापासून माखले. अस्तर तेल पीत होतं. जितकं लावावं तितकं आत जात होतं, आणि मला वाटलं किती दिवसांचं तहानलेलं आहे. आई चिंध्या न्यायला आली होती. तिने विचारलं, "पाजला का सगल्याना?"

"सगळ्यांना," मी म्हणालो. मग वरून कोरड्या फडक्याने पुसून मी ते पुन्हा ओळीत मांडले.

दादा संध्याकाळी आला आणि उजेड असेतोवर त्याने चाकं चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विहिरीवर गेला असताना बाबा छपरीत गेले. मी दाराआडून बघत होतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गाडीचं मागचं चाक जमिनीवरून उचललेलं होतं त्याला हाताने हलकेच गती दिली. चाक आवाज न करता फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत बाबा तिथेच उभे राहिले, पुन्हा फिरवलं, पुन्हा उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जत्रेत लहान मूल पाळण्याकडे बघतं तसे ते बघत होते. तेवढ्यात मागून दादा आला, आणि त्याला दिसलं ते एवढंच की बाप चाकाला हात लावून उभा आहे. बाबा मिठावर निघून गेले.

त्या दिवशी दादाने मिठावर खाडा केला, मॅग्नेटो बसवला, आणि दुपारच्या आत गाडी सुरू झाली. पहिल्या काही किकांना ती नुसती खोकली, मग एक दणका देऊन जिवंत झाली आणि गावातली कुत्री, कोंबड्या, पोरं सगळी धावली. एक म्हातारा ओरडला, "धर्मा, घोरा लात मारल रं!" दादा हसला. त्याला मी इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. गाडी त्याने बांधावर चढवली. बांध सरळ खाडीकडे जातो आणि शेवटी उघाडी आहे, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं दगडी दार. तिथे वळून परत यायचं होतं. सुटताना ब्रेक ढिले लागतात असं त्याच्या पायाला कळलं, कारण तो मला म्हणाला, "नवा हाय, घासला की बसल." आणि पोरांच्या आरोळीबरोबर तो सुटला.

मी मागून पळत होतो. गाडीचा आवाज चढत गेला, लहान होत गेला, उघाडीपाशी तो उतरायला हवा होता. तो उतरला नाही. मग लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज आला.

मी पोचलो तेव्हा गाडी दगडांवर आडवी होती, चाक फिरत होतं. दादा चिखलात बसला होता. त्याच्या तोंडाची एक बाजू दगडाने सोलली होती, पुढचे दोन दात नव्हते, डावं मनगट भलतीकडे वळलं होतं. तो उठला, आणि स्वतःकडे न बघता गाडीकडे गेला. मागच्या चाकाच्या मध्यातून पातळ धूर निघत होता. त्या धुराला करंजेलाचा वास होता.

तो वास मला आला तसा त्यालाही आला. त्याने चाकाच्या मध्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "तेल," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला दिसलं: सकाळची छपरी, चाकाला हात लावून उभा असलेला बाप. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. गाडीच्या पिशवीतून त्याने मोठा पाना काढला आणि चालू लागला. आम्ही दोघे बांधावरून घरापर्यंत चालत आलो, तो पुढे, मी मागे, आणि त्या सबंध वाटेत मी एक शब्द बोललो नाही. या वाटेचा हिशेब मला अजून कुणाला देता आलेला नाही.

बाबा दुपारच्या जेवणाला घरी येऊन ताटावर बसले होते. आईने वाढलं होतं, ते जेवत होते, म्हणजे घराच्या नियमाप्रमाणे आजचा दिवस पार पडला होता. दादाने त्यांना मानेला धरून ओटीवरून खाली ओढलं. ताट उलटलं.

"ब्रेकाला तेल कुनी लावला?"

"कसला तेल?" बाबा म्हणाले. दादाचं तोंड बघून ते घाबरले नव्हते, चकित झाले होते. "काय झाला रं तोंडाला?"

पहिला पाना खांद्यावर बसला. बाबांनी सवयीने उजवा हात उगारला आणि दुसरा त्या हाताच्या कोपरावर बसला. तो आवाज कोरडा होता. बाबा गुडघ्यांवर आले.

तेव्हा माझा आवाज फुटला. "दादा, मी लावलं! करंजेल मी लावलं! बाबांनी नाही!"

दादा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. रक्ताने त्याचा एक डोळा मिटला होता, दुसरा उघडा होता, आणि त्या डोळ्यात मला स्वच्छ दिसलं की त्याने ऐकलं आहे, शब्दन्‌शब्द ऐकला आहे, आणि तो खरा आहे हेही त्याला कळलं आहे. तेवढा वेळ पाना हवेत राहिला. मग त्याने मान वळवली आणि तो खाली आणला.

त्यानंतर किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. मी त्याच्या दंडाला लटकलो, त्याने मला झटकलं, मी उंबऱ्यावर आपटलो. आई चुलीपाशी उभी होती. तिने सगळं पाहिलं, सगळं ऐकलं. ती मध्ये पडली नाही. तव्यावर भाकरी होती ती तिने उलटली, दुसरी बाजू भाजून झाल्यावर उतरवली, आणि हात पुसून उभी राहिली. दादा थांबला तो दमून. पाना टाकून अंगणात बसला आणि लहान मुलासारखा मोठ्याने रडू लागला. बाबा रडले नाहीत.

बाबांचा हात हाडवैद्याने बसवला, पण कोपर पुन्हा सरळ झालं नाही. तो हात खांद्याच्या वर कधी गेला नाही, आणि आमच्या घरातला मार त्या दिवशी संपला. मुकादमी राहिली, कारण पाण्यात बोट बुडवायला डावा हात पुरत होता. दादाने डाव्या मनगटाला फळ्या बांधून गाडी पुन्हा उघडली. ब्रेकचं अस्तर त्याने पेट्रोलने धुतलं, पेटवून आतलं तेल जाळलं, खरडलं. वाकलेला चिमटा एका हाताने ठोकून सरळ केला. मी लांब उभा होतो. त्याने मला जवळ बोलावलं आणि त्या सगळ्या प्रकाराबद्दल तो जन्मात जे एकच वाक्य बोलला ते बोलला: "ब्रेकाला तेल नसतंय लावाचा, येकनाथ." आणि पुढचा बोल्ट पुसायला माझ्या हातात दिला.

शिमग्याच्या आदल्या दिवशी कचेरीतल्या कारकुनांनी गाडी बांधावर पळताना पाहिली. नोकरी मिळाली. माझ्या जागी मिठावर गडी लागला. बाबांनी हरकत घेतली नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी, मी पदवीचा कागद घेऊन त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा त्यांनी तो कागद डाव्या हातात धरला, वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ धरला, आणि मग कुणी जवळ नाही असं बघून विचारलं, "तू त्या दिशी वरारलास ना, त्ये धर्मानं आयकला व्हता का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. मी म्हणालो, "ऐकलं होतं."

त्यांनी मान हलवली. "मना बी तसाच वाटला," म्हणाले, आणि कागद परत दिला.

मी शिकलो याचं श्रेय कुणाला, असं शाळेच्या कार्यक्रमांत मला विचारतात, तेव्हा मी दादाचं नाव घेतो, आणि ते अगदी खरं आहे. त्याच्यासारखा भाऊ कुणाला मिळत नाही. जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी तो गाडी घेऊन अंगणात आला, मागे लोखंडी कॅरिअरवर पोतं दुमडून त्याने माझ्यासाठी बैठक केली होती. मी बसलो. गाडी रस्त्याला लागली तसा तो मान मागे करून ओरडला, "धर ना मना, परशील!" त्याची पाठ माझ्यासमोर होती, रुंद, घामाने भिजलेली, तिच्यावरचे जुने वळ मला सदऱ्यातूनही माहीत होते. मी हात पुढे नेले, पण त्याच्या कमरेपर्यंत ते गेले नाहीत. मॅट्रिक होईपर्यंत मी रोज बाळकुमहून ठाण्याला तसाच गेलो, दोन्ही हातांनी कॅरिअर घट्ट धरून.